आतोबांचे चार राजे

रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या सबंध किनाऱ्यावर ज्याला खोटं बोलताच येत नाही असा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे आमचे आतोबा, माझ्या आत्याचे यजमान. आता अशा माणसाला नाद लागावा तो कशाचा, तर पोकरचा! मुंबईचा व्यापारी सुपारी घ्यायला आला की पोत्याचं तोंड सोडायच्या आधीच हे सांगायचे, "वरची चांगली आहे हो, खाली हात घालू नका, मन मोडेल." मुलीला बघायला पाहुणे आले आणि पोह्यांना वा वा म्हणू लागले, तर हे म्हणाले, "शेजारच्या काकूंनी केलेत. आमच्या पोरीला अजून मिठाचा अंदाज नाही." आत्याने आत कपाळावर मारलेला हात ओटीवर ऐकू आला. लग्न मात्र तिथेच जमलं. मुलाच्या वडिलांना म्हणे असा व्याही शोधून सापडला नसता. आजाऱ्याच्या समाचाराला तर आत्या त्यांना नेतच नसे. कोण जाणे, काय बोलून बसतील!

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी बोर्ली पंचतनच्या शाळेत मास्तर होतो आणि जेवायला आत्याकडे होतो. तीस वर्षं बोटीवर खलाशांचा मुकादम, म्हणजे सारंग, म्हणून काढून सारंगचाचा तेव्हा गावी परतले होते. त्यांच्याच बोटीवर बटलर असलेला दामूही आला होता. जगातल्या बंदराबंदरांत आपण गोऱ्यांना पोकरमध्ये रडवलं, असं हे दोघे सांगत, आणि सांगणारेही तेच असल्याने आम्ही मान डोलवत असू. दुपारची जेवणं झाली की आतोबांच्या खळ्यात, वाळत घातलेल्या सुपारीच्या कडेला चटई पडायची. चौथा गडी मी. पणाला सुपाऱ्या. आतोबा त्याही आधी कानाशी हलवून बघायचे, न जाणो, समोरच्याला किडकी गेली तर!

पहिल्या दिवशी चाचांनी तासभर खेळ समजावला. पाच पानं घ्यायची, नको ती बदलायची, ज्याची भारी तो जिंकला, आणि आपल्या हातात काय आहे ते कुणाला कळू द्यायचं नाही. आतोबांना सगळं पटलं, शेवटचं सोडून. "लपवायचं? मग यात आणि खिसे कापण्यात फरक काय?" त्यांनी पानं उचलली आणि जाहीर केलं, "तीन एक्के आलेत. उगाच सुपाऱ्या घालवू नका." चाचा दाढीत हसले आणि त्यांनी सगळी रास पुढे सरकवली. तीन एक्केच निघाले! पुढच्या डावाला आतोबा म्हणाले, "या खेपेला नुसता कचरा आहे बुवा." आता मात्र चाचा सावध झाले. त्यांनी हातातल्या दोन राण्यांसकट पानं खाली टाकली. आतोबांकडे खरोखरच कचरा होता.

"या अल्ला!" चाचा एवढंच म्हणाले.

"ह्यो मानूस लय खोल हाय, चाचा," दामू कुजबुजला. "खरं बोलून फसवतोय."

पुढचा महिनाभर दोघेही रोज सपाटून हरले. दामूची अन्नावरची वासना उडाली. आतोबा खरंच बोलतात हो, असं मी शपथेवर सांगितलं, तर मीही त्यांना सामील आहे असं ठरलं! शेवटी महिन्याभराने दोघांचा विश्वास बसला आणि आतोबा रोज हरू लागले. हरले तरी तेवढेच खूश. पण पानं सांगायचं त्यांनी सोडलं नाही.

अशातच मोंबासाहून चाचांच्या मुलाचं पत्र आलं. अम्मी गेली, आता तिकडे तुमचं कोण आहे, कायमचे इकडे या. चाचांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. पेटी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. इकडे आतोबांचं जेवणात लक्ष लागेना. अखेर एका दुपारी चाचा चटईवर येऊन बसले आणि म्हणाले, "भाऊ, मला काही ठरवता येत नाही. एकच डाव, आपण दोघंच. मी जिंकलो तर जातो. तू जिंकलास तर राहतो."

मी पानं वाटली. दोघांनी दोन-दोन बदलून घेतली. मी आतोबांना लागूनच बसलो होतो. त्यांच्या हातात एक राजा होता, बाकी सत्ती, नव्वी, असली भरताड. आतोबांनी पहिल्यांदाच पानं छातीशी धरली.

"बोल ना भाऊ, काय आलंय?" चाचांनी विचारलं.

आतोबांच्या कपाळाला घाम फुटला. सुपारीच्या राशीकडे बघत ते म्हणाले, "चार राजे."

चाचांनी हातातली पानं पुन्हा एकदा पाहिली. मग त्यांनी आपली पानं पालथी टाकली. "चार राजे आले तर आमचं काय चालणार?" असं म्हणाले आणि गुडघ्यावर हात देत उठून पेटी रिकामी करायला घरी गेले.

मी पानं गोळा करायला घेतली. चाचांची पाच उलटून पाहिली, तर त्यात दोन राजे होते.

आतोबा दोन दिवस धड जेवले नाहीत. "सांगू का रे त्याला?" असं मला सारखं विचारत. "नका सांगू. त्यांना काही कळलेलं नाही," असं मी बेलाशक सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी चाचांनी मला मोंबासाचं पत्र लिहायला बसवलं. "लिही मास्तर. बेटा, मी येत नाही. इथे एक माणूस जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला, आणि तेही माझ्यासाठी. त्याला टाकून मी कुठे येऊ?"