माझ्या गळ्याची सोनोग्राफी

लग्न होऊन सांगलीहून झाशीत आले तेव्हापासून या घरात मराठी बोलते ती मी एकटीच. नवऱ्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, नावाला मराठी. त्याला कळतं सगळं, उत्तर मात्र हिंदीत. थायरॉइडच्या ऑपरेशनात आवाज जाऊ शकतो असं सर्जन म्हणाले, तेव्हा हा हसून म्हणाला, "चलो, घर में शांति हो जाएगी." मला धडकी भरली होती आणि याला विनोद सुचत होते.

सर्जनसाहेबांचा तोरा वेगळाच. माझा आवाज बरेच महिने घोगरा होता. "चिल्लाती होंगी बच्चों पर," म्हणाले. मुलं केव्हाच नोकऱ्यांना लागून बाहेरगावी गेलेली. ओरडू कोणावर, भिंतींवर? घशात दुर्बीण घालायला गेले तर मला उमाशांवर उमासे! शेवटी वैतागून त्यांनी स्वरतंतू हलतात का ते बाहेरून बघायला सोनोग्राफीला पाठवलं.

वाटेत बडा बाजारात स्कूटर थांबवून नवऱ्याने मला बाटलीभर पाणी पाजलं. अहो, गळ्याची आहे, म्हटलं. "सोनोग्राफी सोनोग्राफी होती है." सोनोग्राफी केंद्रात बाकावर सगळ्या गरोदर पोरी आणि मध्ये मी, पाय आवळून.

आत डॉक्टरीणबाईंनी गळ्याला थंडगार जेल फासलं. "माताजी, ई... बोलिए. अब साँस लीजिए." नवरा पडद्याकडे तज्ज्ञासारखा बघत होता. "हमारा भी देख लीजिए," म्हणाला. "इस उम्र में मर्दों का ठीक से नहीं दिखता, गला अंदर से सख़्त हो जाता है," त्या म्हणाल्या. हे मला लग्नापासून ठाऊक होतं.

मग त्या पडद्याकडे वाकल्या. उजवा तंतू हलत होता, डावा ढिम्म. पुन्हा ई, पुन्हा श्वास, डावा तसाच. ऑपरेशनात उजव्यालाही इजा झाली असती तर आवाजच काय, श्वासही अडला असता. रिपोर्ट बघून सर्जनसाहेबांचा तोरा उतरला. थायरॉइडच्या दोन्ही बाजू काढणार होते, त्याऐवजी फक्त डावी काढायची ठरली. नवऱ्याचे विनोद त्या दिवसापासून बंद पडले.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. हळूच "ई" करून पाहिलं. आवाज होता. जीव भांड्यात पडला. तेवढ्यात नवरा आला आणि खाटेवर वाकला. चेहरा पार उतरलेला.

"बोल ना गं," तो म्हणाला. "काहीपण बोल. तू नाही बोलली तर मी घरात काय करू?"

मोडकंतोडकं, पण मराठी. मी डोळे मिटून गप्प पडून राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलत होता, म्हटलं बोलू दे आणखी थोडं.