रामटेकेला दिलेले सल्ले

सल्ला देणाऱ्याला स्वतः काही करावं लागत नाही, म्हणून सल्ले भराभर साचतात. आमच्या कोहका वस्तीत तर सकाळच्या फिरण्यापेक्षा नंतरच्या बसण्यालाच वेळ जास्त लागतो. आम्ही चौघे, सगळे पोलाद कारखान्यातून रिटायर झालेले. मी टाइम ऑफिसात क्लार्क होतो, शेंडे इलेक्ट्रिशियन, देशमुख ऑफिसर, म्हणून अजूनही साहेब, आणि रामटेके क्रेन ऑपरेटर. कोणी "जरा त्रास आहे" म्हणायचा अवकाश, तीन उपाय तयार. गुडघ्यापासून सुनेपर्यंत. त्यातले बहुतेक मी विसरलो. मागच्या वर्षी रामटेकेला दिलेले मात्र विसरलो नाही.

मागच्या वर्षी त्याची बायको, सुमनवहिनी गेल्या. सगळा जन्म कारखान्याच्या सेक्टर सहामधल्या क्वार्टरमध्ये काढून दोघांनी इथे घर बांधलं होतं, आणि त्या घरात त्यांना दोन वर्षंही मिळाली नाहीत. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला. मुलगी प्रज्ञा पुण्याला परत निघाली तेव्हा गेटपाशी आमच्यासमोरच म्हणाली, "बाबा, तीन महिने पाहते मी. मग येऊन घर बघीन. नीट नसलं तर सामान बांधायचं अन् माझ्यासोबत चलायचं. इसमें कोई बहस नहीं."

ती गेल्यावर रामटेके आम्हाला म्हणाला, "मले हे घर सोडायचं नाही. पण मले चहाच्या पलीकडं काही येत नाही. काय करू, सांगा."

सांगा म्हटल्यावर आम्ही थोडेच थांबतो.

*

पहिला सल्ला देशमुखसाहेबांचा. "रामटेके, घर म्हणजे प्लांटच समजा. शिफ्ट लावा, लॉगबुक ठेवा. काम ठरलेलं असलं की डोक्याला ताप राहत नाही."

रामटेकेनं स्वयंपाकघरात खिळ्याला वही टांगली. आठवड्यानं साहेब तपासणीला गेले, मीही गेलो. पहिल्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : "ए शिफ्ट. कुकर जळाला. कारण : पाणी टाकले नाही. बी शिफ्ट. कुकर घासणे. सी शिफ्ट. कुकर घासणे चालू."

साहेबांनी गंभीरपणे वाचलं आणि जुन्या सवयीनं खाली सही केली.

*

शेंडेचा सल्ला होता डब्यांचा. "डब्यांवर चिठ्ठ्या लाव. आमच्या पॅनलमध्ये एकेका वायरले नंबर असते, म्हणून माणूस जिवंत राहते."

वहिनींचे सगळे डबे एकसारखे, स्टीलचे. कशावरही नाव नाही. त्यांचा हात बरोबर डब्यावर जायचा. रामटेकेनं दोन दिवस एकेक डबा उघडला, वास घेतला, चाखला आणि चिठ्ठी चिकटवली. मी बघायला गेलो. मीठ. साखर. तूरडाळ. मूगडाळ. मग एक डबा, "जिरे (बहुतेक)". त्याच्या शेजारी, "जिरे नाही".

मला हसू आवरेना. रामटेके म्हणाला, "हसू नका, गजाननभाऊ. पस्तीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, अन् तिच्या डब्यात काय आहे तेवढं मले माहीत नाही."

घरी आलो आणि बायको बाहेर असताना आमचे चार डबे उघडण्याआधी ओळखून पाहिले. तीन चुकले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

*

आमच्या घरूनही एक सल्ला गेला. रामटेकेचा भात रोज उरतो हे कळल्यावर बायको त्याला म्हणाली, "भाऊजी, सुमनताईची वाटी दोघांच्या मापाची आहे. तुम्ही अर्धी घेत जा."

चार दिवसांनी रामटेके आला आणि दारातच उभा राहिला. "वहिनी, जमत नाही. अर्धी वाटी भरली की हात थांबते. मी पुरी वाटीच लावून राहिलो. तेवढा एक माणूस जेवायला पाठवत जा."

तेव्हापासून आम्ही तिघांनी पाळ्या लावल्या. रामटेकेच्या वरणाबद्दल मी काही बोलणार नाही. एवढंच सांगतो, की माझ्या पाळीच्या दिवशी मी सकाळी पोटभर पोहे खाऊन जायचो. पण गेलो नाही असं एकदाही झालं नाही. माणूस समोर बसला की रामटेके स्वतःही जेवायचा, आणि आम्हाला तेच बघायचं होतं.

*

देशमुखसाहेबांच्या मोबाईलवर रोज काहीतरी येतं. एकदा आलं, संध्याकाळी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहाव्यात, मन प्रसन्न राहतं. मला असल्या गोष्टींचा राग येतो. ज्याची बायको गेली त्याला काय प्रसन्न करता, असं मी साहेबांना तोंडावर म्हणालो. रामटेके म्हणाला, "लिवून पाहतो ना. वहीत जागा आहे."

दुसऱ्या दिवशी त्यानं वही आणून आमच्यापुढे धरली. "एक. नळाला पाणी वेळेवर आले. दोन. पोळी गोल झाली. तीन. दुपारी तासभर सुमनची आठवण आली नाही."

मग त्यानं साहेबांना विचारलं, "साहेब, हे तिसरं चांगल्यात लिवायचं का वाईटात?"

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मला फार वाईट वाटलं, आणि आदल्या दिवशी साहेबांवर चिडलो त्याचंही वाटलं. त्यानंतर साहेबांनी मोबाईलवरचं काही वाचून दाखवलं नाही.

*

तीन महिने झाले आणि प्रज्ञा आली. त्या दिवशी जेवायची पाळी माझी होती, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं.

बॅग ठेवली आणि ती सरळ घर बघत सुटली. स्वयंपाकघर, मोरी, पलंगाखालची फरशी. सगळं लख्ख. रामटेके मागे मागे, इन्स्पेक्शनला उभं राहावं तसा. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मग ती आतल्या खोलीत गेली. खिडकीपाशी वहिनींची शिलाई मशीन होती, आणि तिच्यावर धुळीचा जाड थर. सुईखाली अर्धवट शिवलेला ब्लाउज तसाच. चाकाला पुठ्ठ्याचा लाल टॅग लटकत होता.

कारखान्यात कोणी मशीनच्या दुरुस्तीला आत गेला की तिच्या स्विचवर आपल्या नावाचा टॅग लावतो. मग त्या मशीनला कोणी हात लावत नाही. टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा, मोठ्यातल्या मोठ्या साहेबालाही तो काढता येत नाही. रामटेकेच्या घरी असे जुने टॅग होते आणि वहिनी ते संसारात वापरायच्या, लोणच्याच्या बरणीला, ओल्या पायरीला. प्रज्ञा त्यातच वाढलेली. हा टॅग वहिनींनी दवाखान्यात तपासणीला जाताना लावला होता, संध्याकाळी परत यायचं म्हणून. त्यावर लिहिलं होतं, "हात लावू नये. सुमन."

"बाबा, इतना सब साफ किया, मग मशीन कावून नाही पुसली?"

"टॅग तिनं लावला आहे," रामटेके म्हणाला.

प्रज्ञानं वाकून ब्लाउज पाहिला. तो तिचाच होता. ती आईच्या स्टुलावर बसली आणि खूप वेळ रडली. रामटेके दाराशी उभाच होता. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, आणि पाय निघत नव्हता.

शेवटी तिनं डोळे पुसले. "बाबा, अजून टॅग आहे का घरात?"

त्यानं ड्रॉवरमधून एक काढून दिला. तिनं पेन मागून त्यावर काहीतरी लिहिलं आणि बापाच्या शर्टाच्या वरच्या बटणाला बांधून टाकला. मग म्हणाली, "काका, जेवायला बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामटेके फिरायला आला तो टॅग लटकवूनच.

"अबे, हे काय लावून आला? काढ ते," म्हणत शेंडेनं हात पुढे केला आणि वाचायला टॅग सरळ धरला. "इथून हलवू नये. प्रज्ञा."

शेंडेनं हात मागे घेतला.