आखातातला फोन, बोईसरचा नंबर

माझ्या सेवेतल्या बऱ्याच प्रकरणांचे तपशील आता पुसट झाले आहेत. बोईसरचं हे प्रकरण मात्र पुसलं गेलेलं नाही, कारण त्यातली पहिली चूक माझी होती.

बोईसर पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी आणि ड्युटीवाटप आटोपून मी टपाल बघत होतो. माकुणसारहून एक बाई भेटायला आली. तिशीची, वाडीत राबणाऱ्या घरातली सून. नवरा दोन वर्षांपासून आखातात वेल्डर. तिची तक्रार ऐकून ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. नवरा परदेशात नाही, इथेच लपून राहतो आहे, असं तिचं म्हणणं होतं. पूर्वी त्याचा फोन यायचा तेव्हा परदेशाचा लांबलचक नंबर दिसायचा. आता चार महिने आपल्याकडचाच दहा आकडी नंबर दिसत होता. उलट फोन केला तर लागत नव्हता. विचारलं तर तो म्हणायचा, मी इथूनच बोलतोय, तुला वेड लागलंय का? त्यात गावातल्या कुणीतरी त्याला बोईसरच्या बाजारात पाहिल्याचं सांगितलं होतं.

"साहेब, तो माजा ऱ्हायला नसंल तर नसूं दे," ती म्हणाली. "पण खरं काय ते मला कलूं दे. मी माहेरी जायाची तयारी केलीय."

मी अर्ज घेतला आणि वरिष्ठांमार्फत मोबाइल कंपनीकडे त्या नंबराची माहिती मागवली. चार दिवसांनी उत्तर आलं, तेव्हा योगायोगाने ती ठाण्यातच बसली होती. मी हातातलं काम न सोडता हवालदाराला म्हटलं, वाचा, कुणाच्या नावावर आहे. त्याने नाव आणि पत्ता मोठ्याने वाचला. नंबर बेटेगावच्या एका बाईच्या नावावर होता. माकुणसारची बाई उठून गेली.

दुसऱ्या दिवशी बेटेगावहून फोन आला की एका चाळीपुढे गर्दी जमली आहे. माकुणसारची बाई भावाला घेऊन तिथे गेली होती आणि सगळ्यांसमोर तिने त्या दुसरीला नको ते बोलून घेतलं होतं. ही दुसरी बाई जव्हारकडच्या डोंगरातली. पावसावर पिकणारं थोडं रान, ते आटोपलं की नवराबायको बोईसरला कामाला यायचे आणि या चाळीत राहायचे. ती एका कारखान्यात पॅकिंगला होती. गर्दी पांगल्यावर तिच्या नवऱ्याने तिचं गाठोडं दाराबाहेर ठेवलं.

दोघींना ठाण्यात आणलं. डोंगरातली बाई बाकावर अंग चोरून बसली. मी विचारत गेलो, ती मान हलवत राहिली. शेवटी एकच वाक्य बोलली.

"माज्याकडं फोनच नाय."

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. खोटं बोलणारा माणूस न विचारता खुलासे देतो. या बाईने एकही खुलासा दिला नाही. तिच्या घरात एकच फोन होता, तो नवऱ्याच्या खिशात, आणि त्याचा नंबर वेगळा होता. आपण कुठेतरी चुकलो आहोत, हे मला तेव्हा कळलं. महिला अंमलदाराने तिची सोय त्याच चाळीतल्या तिच्या नात्यातल्या बाईकडे केली. मी त्या नंबराच्या कॉलचा तपशील मागवला.

तो कागद वाचताना हवालदार दोनदा थांबला. दिवसाला शेकडो फोन जात होते, येणारा एकही नव्हता. फोन केळवे, सफाळे, तारापूर, डहाणू अशा गावोगावच्या घरांत जात होते. टॉवर मात्र कायम तोच, बोईसरचा. माणूस भाजी आणायला तरी घराबाहेर पडतो. हा नंबर महिनोन्‌महिने जागचा हलला नव्हता.

मी दूरसंचार विभागातल्या एका अभियंत्याला गाठलं. त्यांनी मला धड्यासारखं समजावलं. अनेक आखाती देशांत अ‍ॅपवरून बोलायला बंदी आहे, म्हणून कामगार दुकानातून स्वस्त कॉलिंग कार्ड घेतात. त्या कार्डावरचा आवाज इंटरनेटवरून भारतात येतो. तो परवानाधारक कंपनीच्या दारातून आला तर नोंद होते, शुल्क लागतं, आणि फोन कुठून आला ते सांगता येतं. काही लोक मागचं दार काढतात. एका खोलीत पेटी बसवायची, तिच्यात ढीगभर सिमकार्डं घालायची आणि परदेशचा फोन त्यातल्या एखाद्या सिममधून स्थानिक म्हणून सोडायचा. मी विचारलं, अ‍ॅपवरून अ‍ॅपवर बोललेलं चालतं, मग हे का नाही? ते म्हणाले, तिथे दोघंही इंटरनेटवरच असतात. इथे परवाना नसताना टेलिफोनच्या जाळ्यात शिरायचं असतं, आणि शिरणाऱ्याचा माग राहत नाही. उद्या कुणी या वाटेने खंडणीचा फोन केला, तर तुम्ही त्या सिमच्या मालकाला उचलाल.

त्या सिमची मालकीण मी काही दिवसांपूर्वीच बाकावर बसवली होती.

तारापूरचं अणुवीज केंद्र जवळ, त्यामुळे वरिष्ठांच्या आवाजात काळजी होती. खोली लवकर शोधा, एवढंच ते म्हणाले. पण त्या टॉवरच्या टप्प्यात चाळी, गाळे आणि गोदामं मिळून अर्धं बोईसर येत होतं. आम्ही दोन दिवस साध्या वेशात फिरलो आणि रिकाम्या हाताने परतलो. तिसऱ्या दिवशी तो कागद पुन्हा वाचताना हवालदाराने एका ठिकाणी बोट ठेवलं. एका मंगळवारी पावणेबारा ते तीनपर्यंत एकही फोन गेला नव्हता. त्या वेळी टॉवर चालूच होता. म्हणजे पेटीची वीज गेली असणार. आम्ही वायरमनला गाठलं. त्याने वही चाळून सांगितलं, त्या दिवशी सगळं बोईसर चालू होतं, फक्त एका गल्लीचा डीपी दुरुस्तीला घेतला होता.

त्या गल्लीत पहिल्याच घरमालकिणीने आमचं काम सोपं केलं. वरच्या खोलीतला भाडेकरू दिसत नाय, म्हणाली, पण पंखा कदी बंद होत नाय.

अभियंते आणि पंच यांना घेऊन आम्ही दुपारी कुलूप उघडलं. टेबलावर दोन पेट्या, त्यांवर ओळीने उभ्या छोट्या अँटेना, आणि गरम हवा बाहेर फेकणारा पंखा. अंथरूण नाही, पाण्याचा माठही नाही. काही बंद करण्याआधी अभियंत्यांनी एक चाचणी घ्यायचं ठरवलं. महिला अंमलदार माकुणसारला त्या बाईजवळ बसली होती. बाईने नवऱ्याला मेसेज पाठवून लगेच फोन करायला सांगितलं. आम्ही पेटीकडे बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने अभियंत्यांनी त्यांच्या लॅपटॉपवर एक ओळ दाखवली. तिच्यात माकुणसारच्या बाईचा नंबर होता. त्याच क्षणी तिकडून अंमलदाराने तिच्या फोनवर दिसणारा नंबर कळवला. तो समोरच्या पेटीतल्याच एका सिमचा होता.

मी अंमलदाराला म्हटलं, त्यांना सांगा, नवरा आखातातच आहे, बाजारात दिसला तो दुसराच कुणीतरी. तिने सांगितलं. पलीकडून बाईचं रडणं ऐकू आलं. खोलीतले पंचसुद्धा सैलावून एकमेकांकडे पाहू लागले.

खोली ज्याच्या नावावर होती तो इंटरनेटच्या जोडण्या देणारा इथलाच माणूस निघाला. चौकशीत तो एकच पालुपद धरून बसला, मी फक्त जागा बघतो, सिम कुणी दिली ठाऊक नाही. मी आवाज चढवला नाही. सिममालकांची यादी त्याच्यापुढे ठेवली आणि नावं वाचायला सांगितली. त्यात बहुतेक डोंगरातून आलेली मजूर माणसं होती. चौथ्या-पाचव्या नावावर त्याचा आवाज खाली गेला. तेवढ्यात डोंगरातल्या बाईला आत बोलावलं. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"ह्योच. रस्त्यावं छत्रीखाली कार्डं इकत बसलेला. नवऱ्याच्या फोनचं कार्ड घ्याला गेलती. मशीन घेत नाय म्हनाला, अंगठा पुसून परत लाव. तीन येळा लावला."

प्रत्येक अंगठ्याला एक सिम निघालं होतं. एक तिला दिलं, दोन त्याने ठेवली. त्यानंतर तो बोलायला लागला आणि त्याच्या मागची माणसंही हाती आली. फोन गेलेल्या घरी विचारपूस करून कॉल तपासले गेले. ते बहुतेक घरचेच निघाले. आईची चौकशी, मुलाची फी, वाडीला पाणी दिलं का. वरिष्ठांनी तो अहवाल वाचून हुश्श केल्याचं मला फोनवर ऐकू आलं.

गुन्हा उघडकीला आला म्हणून माझं कौतुक झालं. पण काम संपलं नव्हतं. मी गणवेशात बेटेगावला गेलो आणि चाळीतल्या लोकांसमोर सांगितलं की या बाईचा काही दोष नाही, फसवणूक तिचीच झाली आहे, आणि तिचं नाव ठाण्यात मोठ्याने वाचलं गेलं ही माझी चूक. माकुणसारची बाईही स्वतःहून आली होती. तिने हात जोडले. डोंगरातल्या बाईने तिला बसायला जागा करून दिली. गाठोडं दाराबाहेर ठेवणारा तिचा नवरा मान खाली घालून उभा होता.

निघताना डोंगरातली बाई माझ्याजवळ आली. "साहेब, त्ये सगलं कागदावर लिवून द्या. शिक्का मारून."

त्या दिवसापासून मी ठाण्यात कुणाचंही नाव चारचौघांत वाचू दिलं नाही. यंत्रं बदलतील, कायदे त्यांच्यामागून धावतील, नवे गुन्हे निघतील. ते शोधायला खात्याने मला शिकवलं होतं. ज्याने काही केलेलं नाही त्याला तसं लिहून द्यावं लागतं, हे शिकायला मला नोकरीची शेवटची वर्षं लागली. मी गाडीतून लेटरहेड मागवलं, तिथेच उभ्याने लिहिलं, आणि शिक्क्यासाठी त्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला ठाण्यात घेऊन आलो. शिक्का उमटला तेव्हा तिने कागद माझ्या हातातून घेतला, वाचता येत नसतानाही वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि नवऱ्याच्या हातात दिला.