दवंडीवाल्याचा काडीमोड

आमच्या खासी डोंगरातल्या गावात काडीमोड झाला की द्रोसिंग संध्याकाळी उंच खडकावर चढायचा आणि दवंडी द्यायचा: अमक्या-तमकीचं सुटलं, दोघंही मोकळी, नवा संसार मांडायला कुणाची आडकाठी नाही. लग्न नवं असताना बायकोने, थेइलिनने, त्याला छेडलं होतं, "घरातली गोष्ट गावभर कशाला करायची?"

"गप गं! घरातल्या घरात सुटलं, तर बाई जन्मभर अर्धी बांधलेली. गावाने ऐकलं की गावच साक्षीदार."

आज काडीमोडाच्या कवड्या त्या दोघांच्याच होत्या. भांडण म्हणावं तर नव्हतं. संसार नुसता आटला होता. आमच्यात घर बाईचं असतं; तो बायकोच्या घरी कमी, बहिणीच्याच घरी जास्त निजायचा. थेइलिन म्हणाली, "सोड मला." त्याने मान डोलावली. सकाळी तिच्या मामांसमोर पाच-पाच कवड्या या हातातून त्या हातात फिरल्या आणि द्रोसिंगने त्या जमिनीवर फेकल्या. आता दवंडी तेवढी उरली होती.

"आज दुसऱ्या कुणाला तरी चढव," मामा म्हणाले.

"का? माझ्या नरड्याला काय झालंय?"

संध्याकाळी थेइलिन उंबऱ्यावर बसली. शेजारी मुलगी बिनोलिन सुपारी कातरत होती. थेइलिनला धास्ती एकच होती, तो ओरडलाच नाही तर? दवंडीवाचून काडीमोड पुरा होत नाही. गुरं परतली, चुली पेटल्या, खडक रिकामाच होता.

"बाबा येतात कसले!" बिनोलिन म्हणाली.

तेवढ्यात तो दिसला.

"काऽऽव! ऐका हो गावकरी! नोंग्रुम कुळातली थेइलिन आणि मी द्रोसिंग, आमचं सुटलं!" आवाज चिरकला. त्याने घसा खाकरला. "ती मोकळी आहे! बाई गुणाची आहे. ज्याचं नशीब असेल त्याने तिच्या दारी जावं. तिला कुणी टाकलेली म्हटलं, तर गाठ माझ्याशी आहे!"

हे शेवटचं दवंडीत नसतं. ते त्याच्या पदरचं होतं.

थेइलिन उंबऱ्यावरून उठून उभी राहिली. बाईला गावादेखत मोकळं करणारी ही रीत, आणि आपलंच जात असताना ते वदणारा हा माणूस! मान कुणापुढे झुकवावी, तिला कळेना.

खडक उतरून द्रोसिंग सवयीने तिच्या वाटेला लागला. फाट्यावर थबकला आणि बहिणीच्या घराकडे वळला.

"आई, रडतेस?"

"अगं, तू झाल्यापासून त्याच्या तोंडी मी नुसती 'बिनोलिनची आई' होते. आज त्याने माझं नाव घेतलं."