रायफलच्या नळीत चिंचेचा कोळ

मी एकदा रायफलची नळी चिंच आणि मीठ घालून साफ केली. हसा, हसून घ्या — मीही हसते, पण एकटीच, कारण घरात हे कुणालाच ठाऊक नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. नातीला तर चिंच म्हणजे इमली, इथपासून सुरुवात करावी लागेल.

रायफल ह्यांची. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर आम्ही गाझियाबादला फ्लॅट घेतला आणि ह्यांनी लायसन्सची रायफल. दर रविवारी रेंजवर नेमबाजी, आणि परत आल्यावर बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरून सफाई. मध्ये बोललेलंही चालायचं नाही. गोळी जाताना नळीच्या आत शिशाचा आणि तांब्याचा पातळ थर सोडून जाते, तो काढला नाही तर नेम बिघडतो — हे मला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. गजाला चिंदी लावायची, उग्र वासाचं औषध आत फिरवायचं. चिंदी निळी निघाली की तांबं अजून आहे. मग पुन्हा. पांढरी निघाली की तेलाचा हात. औषध मात्र आत राहू द्यायचं नाही, ते पोलादालाच खातं.

मी तेव्हा पन्नाशीची. स्वतःला फार शहाणी समजत होते — कशावरून, देव जाणे! जानेवारीची थंडी, ह्यांना रेंजवरून येतानाच ताप भरला, नाक चोंदलेलं, सफाई अर्धवट टाकून झोपले. आणि पुढच्याच रविवारी सामना, ज्याची ते वर्षभर वाट बघत होते. पांघरुणातून पुटपुटत होते, नळीत तांबं तसंच राहिलंय. तांबं? अहो, माझ्या देवघरातल्या तांब्याच्या भांड्यांत तोंड बघून घ्यावं. एवढ्याशा तांब्यासाठी हा माणूस तासन् तास बसतो?

चिंचेचा कोळ केला, मूठभर मीठ घातलं, वर गाळूनसुद्धा घेतला — काय ती काळजी! नळीच्या एका तोंडाला बूच लावून दुसरीकडून कोळ आत ओतला आणि मटार सोलत बसले. नंतर पुसलं, तेल लावलं, रायफल कपाटात. म्हटलं, बरे झाले की सांगू, चकित होतील.

शनिवारी ताप उतरला. ह्यांनी रायफल काढली, कोरडी चिंदी फिरवली. निळी नाही, पांढरी नाही — विटकरी. गंज. टॉर्च लावून आत बघितलं, तर पोलादाला खड्डे पडलेले.

ते ओरडले असते तर मी बोलले असते का? कोण जाणे. पण ते ओरडलेच नाहीत. त्यांनी टॉर्च विझवला आणि हळूच मला विचारलं, गेल्या रविवारी औषध आतच ठेवून मी उठलो होतो का?

सांगायची जागा हीच होती ना? तोंड उघडलंही मी. आणि त्यातून काय निघालं — हो, तुम्ही चहाला म्हणून उठलात, ते तसेच जाऊन झोपलात. चहाचं मी जागच्या जागी रचलं. कपबशीसकट.

त्यांनी मानलं. सामन्याला गेले नाहीत. पुढे रायफलही विकली. ज्याच्या हातून असं राहतं त्यानं हत्यार बाळगू नये, हा त्यांचा फौजी हिशेब. रेंज सुटली, रविवार सुने झाले. आणि मग गॅस बंद केला का, कुलूप लावलं का, गोळी घेतली का — सगळं मला विचारून. डोकं शेवटच्या दिवसापर्यंत लख्ख होतं त्यांचं. मला माहीत होतं. त्यांनाच माहीत नव्हतं. मी रोज सांगायचे, लावलंय हो कुलूप. फार मायेनं सांगायचे. ती माया तरी खोटी नव्हती — पण तिचं काय करायचं?

त्या शनिवारी ह्यांनी विटकरी चिंद्या गोळा केल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “सुमन, तुझ्या सगळं लक्षात राहतं, हे बरं आहे. आता माझ्यावर जरा नजर ठेवत जा.”