टेपबाईंनी वायर काढली

शिंप्याची टेप गळ्यात सदानकदा, म्हणून त्या टेपबाई. आंघोळीपुरती काढत असतील तर देव जाणे. हाताने शिवणं त्यांनी केव्हाच सोडलं. आता कॉम्प्युटरवर कपड्यांचं कटिंग आखून देतात. शिंपी इंटरनेटवरून मापं पाठवतात, बाई आखून परत पाठवतात. त्यांच्या आखणीवर कापलेलं कापड कधी फुकट गेलं नाही, कुणालाही विचारा.

कॉम्प्युटर मात्र म्हातारा. मुलगा कॉलेजात असताना घेतलेला, आणि आता त्या मुलाला टक्कल पडायला लागलंय. परगावाहून तो फोनवर सांगायचा, आई, तो डबा भंगारात दे. सांगायला काय जातंय! आखणीचा प्रोग्राम त्या डब्यावरच चालायचा आणि बाईंचा हात त्याच्यावर बसलेला.

राऊटर पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर मागच्या, आणि मधल्या बोळातून जमिनीवरून ताणलेली वायर. इतकी वर्षं सगळे ती ओलांडत होते. मग बाईंच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. जन्मभर बस चालवलेला माणूस, वॉकर धरून पाऊल टाकायला शिकत होता. एकदा वॉकरचा पाय वायरीत अडकला, बाईंनी धरलं म्हणून वाचले. तेव्हापासून ते उठले की बाई काम थांबवून वायर गुंडाळायच्या, ते परत बसले की पसरायच्या.

हळूहळू त्यांनी उठणंच सोडलं. आज गुडघा धरलाय, उद्या चक्कर येतेय. बाई चिडल्या, आळशी झालात म्हणून नाही नाही ते बोलल्या. शेवटी व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने त्यांना बाजूला घेतलं.

"काकांना काही होत नाहीये. मी उठलो की हिचं काम बंद पडतं, असं म्हणाले मला. पण आता चालले नाहीत तर पाय कायमचा जाईल."

बाईंना रडूही आलं आणि रागही. आधी रागावल्या, मग तोंडावर पाणी मारून तडक बाजारात गेल्या. दुकानदार म्हणाला, वायफायचं कार्ड बसवा, वायर लागणारच नाही. कॉम्प्युटर आणून ठेवा, बघतो सवडीने. अर्धवट आखणी ठेवून? त्यांनी कार्ड तेवढं उचललं.

घरी आल्यावर वायर होती तोवरच तिच्यावरून कार्डाचा प्रोग्राम उतरवून घेतला. मग कॉम्प्युटर टेबलावर आडवा केला. नवरा शेजारी खुर्चीत, धडधाकट हातात बॅटरी धरून. "आधी प्लग काढ," ते म्हणाले. बाईंनी तो काढलेलाच होता, तरी पुन्हा बघून घेतलं. पत्रा उघडला तर आत वीतभर धूळ! ती ब्रशने झाडली. कार्डाची खाच बरोबर सापडली, पण कार्डाला लावलेली पत्र्याची पट्टी चांगली बोटभर उंच, झाकणच लागेना. मुलगा फोनवर म्हणाला, बसत नसेल तर परत कर.

बाईंनी टेप लावली. कार्डाच्या खोक्यात एक आखूड पट्टी निघाली होती, ती त्यांनी जादाची समजून बाजूला टाकलेली. मापली, तर तंतोतंत. उंची कमी करायची? अहो, हयात गेली त्यात! दोन स्क्रू काढले, उंच पट्टी उतरवली, आखूड चढवली. कार्ड खाचेत टक्कन बसलं, मागे अँटेना पिळून लावल्या. कॉम्प्युटर सुरू झाला, प्रोग्राम घातला, आणि पडद्यावर घरच्या वायफायचं नाव उमटलं. बाईंनी पहिलं काम काय केलं असेल? बोळातली वायर ओढून काढली आणि माळ्यावर फेकली. आपल्यालाच शाबासकी दिली, मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी त्या दाराकडे पाठ करून आखत बसल्या होत्या. बोळातून वॉकरचा आवाज आला. उठून धरावं म्हणून हात टेबलावर टेकले, आणि तसेच दाबून धरले. आवाज थांबत, पुन्हा सुरू होत थेट दारापर्यंत आला.

"बंद नाही ना पडलं काम?"

"नाही पडलं," बाई म्हणाल्या. वळून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "दमला असाल. बसा."

घामाने निथळत होते, पण मान ताठ.

"बसायला नाही आलो," ते म्हणाले. "परतही चालतच जायचंय."