आवाज न येणारी खोली

"खोली अशी पाहिजे," चंदू म्हात्रे म्हणाला, "की वर कोण नाचत नाही, खाली कोण गात नाही आणि बाजूला कोण भांडत नाही."

डोंबिवलीत मानपाडा रोडला, मिठाईच्या दुकानाच्या वर, ऋतिकाचं ट्रॅव्हलचं ऑफिस आहे. बोटीच्या सहली विकता विकता गिऱ्हाईक काय विचारणार हे तिला तोंडपाठ झालंय. जेवण किती वेळा? बाल्कनी आहे ना? आणि पुरुषमाणूस असला की आवाज जरा खाली आणून, पिण्याची काय सोय? चंदूला बघूनही तिने हेच धरलं असणार. गळ्यात जाडजूड चेन, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली रस्त्यात अर्धी आडवी लावलेली गाडी. शीळफाट्याकडच्या गावातला आगरी शेठ दिसला की लोक पुढचं आपोआप ठरवून टाकतात. आणि हा बाबा विचारतोय काय, तर डोक्यावर कोण राहणार!

"काका, झोपेचा त्रास आहे का तुम्हाला?"

"मला? छे! मला भर बाजारात आडवं कर, मी झोपेन. बायकोची झोप सावध आहे. ओट्यावर मांजर चाललं तरी हिचे डोळे टक्क उघडे."

ऋतिकाने कॉम्प्युटर त्याच्याकडे फिरवला. बोटीचा नकाशा म्हणजे एकावर एक रचलेले मजले, आणि मजल्यावर मुंग्यांसारखे बारीक चौकोन. चौकोन म्हणजे केबिन. तिने आपली सवयीने वरच्या मजल्यावरची, समुद्राकडची एक छान केबिन दाखवली. चंदूने चष्मा लावला आणि बोट वर नेलं. "हिच्यावर काय आहे?" ऋतिकाला ठाऊक नव्हतं. इतक्या केबिनी विकल्या, पण कुणी हे विचारलंच नव्हतं. तिने कंपनीत फोन लावला. वर पोहण्याचा तलाव होता. म्हणजे पहाटेपासून खुर्च्या ओढणार.

"ही नको," चंदू म्हणाला.

मग तो येतच राहिला. कधी कल्याणला काम निघालं की जाताना, कधी काम नसताना मुद्दाम. ऋतिकालाही आता चेव चढला होता. पुढच्या टोकाला नांगराची साखळी खडखडते, ती बाजू गेली. मागच्या टोकाला इंजिनाची धडधड, तीही गेली. लिफ्टजवळ रात्रभर टिंग टिंग, थिएटरवर ढोल, आणि दोन केबिनींच्या मधे दार असलं की शेजारच्याचं खोकणंसुद्धा इकडे. एकेका चौकोनावर फुली पडत गेली. शेवटी बोटीच्या बरोबर मधोमध, खालच्या अंगाला, एक केबिन सापडली. वर केबिनी, खाली केबिनी, दोन्ही बाजूंना केबिनी. बोट हललीच तर सगळ्यात कमी तिथे हलणार.

"पण काका, हिला खिडकीच नाही."

"नसू दे. समुद्र बघायला वर जाऊ की. पलंग कसा आहे?"

"डबल बेड. दोघांचा."

"जोडलेला?"

"एकच असतो, काका."

चंदूने चष्मा काढून खिशात घातला. "हीच कर," म्हणाला. ऋतिकाने दोघांची नावं टाकली. चंदू म्हात्रे, जया म्हात्रे.

आता खरं ते सांगून टाकतो. चंदूला समुद्राची हौस नव्हती. त्याचं बालपण खाडीत गेलं होतं. बापाची थोडी भातशेती आणि खाडीवर मिठागराचं काम, त्यामुळे पाणी बघून बघून त्याचे डोळे थकले होते. त्याला जेवणाचीही हौस नव्हती आणि नाचगाण्याची तर मुळीच नाही. त्याला बायकोशेजारी झोपायचं होतं. बस्! साठी उलटलेल्या बाप्याने उघड बोलायची सोय नाही, अशी ती गोष्ट.

जया लग्न होऊन आली तेव्हा म्हात्र्यांच्या घरात एकच लांबलचक खोली होती. बाप दाराशी, आई चुलीकडे, भावंडं मधे ओळीने, आणि नवीन जोडपं म्हणून यांची जागा भाताच्या कणगीमागे. कणगी एवढी मोठी की पलीकडून काही दिसत नसे. ऐकू मात्र सगळं येई. चंदू पाठ टेकताच घोरायला लागायचा, आणि घोरणं तरी कसलं! समोरच्या आळीतली माणसं सकाळी विचारायची, काय रे, रात्री काय लाकडं कापत होतास? जयाची झोप जन्माची सावध. ती त्याच्या बरगडीत कोपर मारायची. तो दचकून जागा व्हायचा, कूस बदलायचा, आणि मग दोघं जागी झालीच आहेत म्हणून कुजबुजत बोलायची. दिवसा चारचौघांत नवराबायकोने बोलायची रीतच नव्हती. आज सासू काय बोलली, बापाच्या डोक्यात काय चाललंय, दिवस गेलेत, सगळं चंदूला त्या कोपराच्या मागोमाग कळलं. त्याचा अख्खा संसार कणगीमागे कुजबुजण्यात झाला म्हणा ना.

मग रस्ता रुंद झाला, टॉवर आले, शेतं गेली. हातात पैसा आला तसा चंदूने बंगला बांधायला काढला. प्रत्येकाला आपली खोली, हा त्याचाच हट्ट. आयुष्यभर ओळीने झोपलेल्या माणसाला यापेक्षा मोठं सुख कोणतं सुचणार? सगळ्यांनी आपापल्या मागण्या सांगितल्या. जयाने कधी जन्मात काही मागितलं नव्हतं. ती म्हणाली, "मना मागल्या अंगाला, वर एक खोली द्या. दार लावलं का आवाज आत नाय आला पायजे."

चंदूला वाटलं, हिला शीळ रोडच्या डंपरांचा त्रास होतोय. आणि हळदीच्या डीजेचा. आमच्याकडे हळद म्हटली की भिंती हादरल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. त्याने वरच्या खोलीला दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या, दाराला रबर लावलं, येईल त्याला कौतुकाने दाखवलं. वास्तुशांत झाली आणि जया आपली उशी घेऊन वर गेली. सकाळी खाली आली तेव्हा तिचा चेहरा असा ताजातवाना दिसत होता की चंदू बघतच राहिला.

"काय झोप लागली गो बाय," ती सुनेला, दक्षताला, सांगत होती. "लग्नापासून अशी झोप नवती लागली."

यावर माणसाने काय बोलावं? खाली ये म्हणावं? भांडण नाही, तंटा नाही, कुणी कुणाला वावगा शब्द बोललं नाही. उशी वर गेली ती गेली.

आता सकाळी चहा होतो तेव्हा दोघं बोलतात. पाण्याची मोटर लावली का, गॅसवाला आला का, विठ्ठलवाडीच्या पाहुण्यांच्या लग्नाला कोण जाणार. बोलणं तेवढ्यावर संपतं. रात्री बंगल्यात जितक्या खोल्या तितकी दारं लागतात, आणि प्रत्येक दारामागे एसी नाहीतर पंखा घरघरतो. मुलगा दर्शन आणि दक्षता एका मजल्यावर, जया सगळ्यात वर, चंदू खाली. तो टीव्ही चालू ठेवून झोपतो. बातम्या बघायच्या असतात म्हणून नव्हे, माणसाचा आवाज असावा म्हणून. एवढ्या मोठ्या घरात त्याला बरगडीत कोपर मारणारं कुणी नव्हतं, आणि हे दुःख तो सांगणार कुणाला? लोक हसले असते. तोही दुसऱ्या कुणाचं ऐकून हसलाच असता.

अशात एका हळदीला त्याचा चुलतभाऊ भिवा भेटला. भिवा नुकताच बायकोला घेऊन बोटीच्या सहलीला जाऊन आला होता आणि येईल त्याच्यापुढे रडगाणं गात होता. "अरे, कसली खोली! आपलं देवघर मोठं असेल. पलंग एकच. कूस वळलो तर बायकोच्या अंगावर. आणि रागावून जाशील कुठे? बाहेर समुद्र!" सगळे खो खो हसले. चंदूही हसला. पण त्याच्या डोक्यात ते जाऊन बसलं. छोटी खोली, एकच पलंग, आणि वरचा मजला नाही. दुसऱ्याच दिवशी तो मानपाडा रोडला हजर.

केबिनीचं जमलं, पण आवाजाचं खरं मूळ केबिनीबाहेर नव्हतंच, ते चंदूच्या नरड्यात होतं. हे न कळायला तो खुळा नव्हता. त्याने रात्री टीव्ही बंद ठेवून आपलं घोरणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि सकाळी गाडीत काचा वर करून ऐकलं. ऐकून त्याला घाम फुटला. मधेच श्वास थांबत होता, आणि मग डंपरने चढ चढावा तसा आवाज. हे ऐकत ती कणगीमागे इतकी वर्षं निजली! त्या दिवशी चंदूला पहिल्यांदा जयाची कीव आली, आणि स्वतःची लाज वाटली.

तो गुपचूप ठाण्याला डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने नाकातोंडावर लावायचा मास्क आणि हवेचं छोटं मशीन दिलं. पहिल्या दिवसांत त्याला वाटलं, आपण झोपेत गुदमरून मरणार आणि मास्क लावलेला हा चेहरा बघून घरचे घाबरणार. नाकावर वळ उठले. दक्षताने विचारलं तर म्हणाला, चष्म्याचे. मशीन त्याने कपाटात साड्यांच्या रिकाम्या खोक्यात लपवलं. दारू सोडली. गावात अफवा उठली की चंदूशेठला काहीतरी मोठा आजार झालाय. उठू दे म्हणाला. रोज सकाळी गाडीत बसायचं आणि फोन कानाला लावायचा. आवाज कमी होत होता. आणि एका सकाळी फोनमधे नुसता पंखा ऐकू आला. त्याने पुढे सरकवून पाहिलं, मागे घेऊन पाहिलं. पंखाच. चंदूने स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि पोरासारखा रडला.

आता जयाला सांगायचं बाकी होतं. घोरण्याचं नाही हं, ते बोटीवर तिला आपोआप कळणार होतं. सकाळी ती उठेल, म्हणेल, अवो, रात्री तुमी घोरलातच नाय! त्याने हे वाक्य इतक्यांदा मनात ऐकलं होतं की त्याला ते खरंच घडल्यासारखं वाटायला लागलं होतं.

जया पडवीत सुपात जवळा निवडत बसली होती. चंदू शेजारी पायरीवर टेकला आणि ऋतिकाने दिलेला नकाशा उलगडला. आपण दोघं बोटीच्या सहलीला जातोय म्हणाला, आणि मग बोलत सुटला. इथे तलाव, म्हणून ही नको. इथे लिफ्ट, म्हणून ही नको. इथे इंजिन, इथे ढोल. जयाचा जवळ्यातला हात थांबला. ती नकाशाकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होती. त्याने बरोबर मधल्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ही. हिच्या चारी बाजूंना नुसती निजलेली माणसं. टाचणी पडली तरी ऐकू येणार नाय."

"एवरं सगलं माझ्या झोपेसाठी इचारलंत?"

"मग काय!"

जयाचे डोळे भरले. तिने मनगटाने नाक पुसलं, हाताला जवळ्याचा वास होता ना. "माझ्या झोपेवरून सगल्यांनी टिंगलच केली," ती म्हणाली. "तुमची आई बोलायची, सोंग करते. पोरं हसतात. कोनी कवा इचारलं नाय, हिला झोप लागंल कशी. तुमी पयले."

चंदूची छाती फुगली. त्याने उगाच नकाशाची घडी घातली, परत उलगडली.

"दार लावून निवांत निजाला भेटंल," जया त्या चौकोनावरून बोट फिरवत म्हणाली. मग तिने मान वर केली, अगदी मायेने. "आनि तुमची खोली कंची?"

चंदूच्या खिशात फोन होता. फोनमधे तो नुसता पंखा होता. बाहेर काढून तिच्या कानाला लावायचा, एवढंच काम. त्याचा हात खिशापर्यंत गेलाही. पण समोर जयाचा चेहरा, वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी होता तस्साच ताजा, खूश. त्याने दिलेल्या खोलीवर खूश. तिच्या मनाला शिवलंही नव्हतं की ती खोली दोघांची असू शकते. हिला आता कसं सांगायचं? तो हसला.

"हाय की," म्हणाला. "तिथंच, जवल."

"मंग बरं," जया म्हणाली आणि सूप पुढे ओढलं.

चंदू उठून गाडीत जाऊन बसला. काचा वर केल्या. मग ऋतिकाला फोन लावला.

"पोरी, त्याच बोटीवर अजून एक केबिन पाहिजे."

"अरे वा, काका!" ऋतिका खूश झाली. "अजून कोण येतंय?"

"मी," चंदू म्हणाला.